अमेरिकेतली युनियनची इलेक्ट्रिशियन अप्रेंटिसशिप: तिसऱ्या वर्षात पोचल्यावरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच.

मी आयबीईडब्ल्यूच्या, म्हणजे इलेक्ट्रिशियन लोकांच्या युनियनच्या, इनसाईड वायरमन प्रोग्रामला आहे, म्हणजे हॉस्पिटल, फॅक्टरी, ऑफिसं, डेटा सेंटर असल्या मोठ्या बिल्डिंगांचं वायरिंग. इथल्या मराठी घरांमधून या लाईनला अजून फार कोणी येत नाही. पण हल्ली मेसेज यायला लागलेत, पोराला कॉलेजात रस नाही, हाताने काम करायला आवडतं, हे युनियनचं प्रकरण खरंच चांगलं आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी हे कोण चालवतं ते बघा, कारण चांगलं-वाईट सगळं तिथूनच निघतं. प्रत्येक भागात एक जॉइंट कमिटी असते, तिच्यात निम्मी माणसं युनियनची आणि निम्मी कॉन्ट्रॅक्टरांची. आयबीईडब्ल्यू ही कामगारांची युनियन १८९१ ची, नेका ही कॉन्ट्रॅक्टरांची संघटना १९०१ ची, पगारावरून दोघांची ओढाताण चालूच असते, पण ट्रेनिंग मात्र एकत्र चालवतात. म्हणजे तुम्हाला शिकवायचं काय हे ठरवणारी माणसं आणि उद्या तुम्हाला कामावर घेणारी माणसं एकाच टेबलावर बसलेली असतात. प्रायव्हेट ट्रेड स्कूलमध्ये फी भरायची, बऱ्याच जणांना तर लोन काढून, सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग काम शोधत फिरायचं, इथे पहिल्या दिवसापासून तुम्ही पगारावर असता आणि शाळा सोबत चालते. माझ्या मते या प्रोग्रामची खरी किंमत हीच आहे, बाकीचे फायदे त्याच्या मागून येतात.

हिशोब असा. साधारण ५ वर्षं, साईटवरचे ८००० तास, वर्गाचे तास वेगळे. (रजिस्टर्ड, म्हणजे सरकारकडे नोंदलेल्या, अप्रेंटिसशिपला वर्षाला किमान १४४ तास वर्ग असावेत अशी फेडरल नियमातच शिफारस आहे, आणि हे रजिस्ट्रेशन १९३७ च्या कायद्यापासून चालत आलंय.) कुठे आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी वर्ग असतो, कुठे सलग आठवडाभर. शिकवण्याचा खर्च मुख्यतः त्या फंडातून होतो ज्यात कॉन्ट्रॅक्टर प्रत्येक कामगाराच्या तासामागे पैसे भरतात, आपल्याला पुस्तकं, थोडीफार फी आणि हातातली टूल्स घ्यावी लागतात, पॉवर टूल्स कॉन्ट्रॅक्टरची. पगार जर्नीमनच्या, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झालेल्या इलेक्ट्रिशियनच्या, रेटच्या टक्क्यांत मिळतो, सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी ४० ते ५० टक्के, मग तास आणि वर्ग पूर्ण होतील तसा चढत जातो. समजा जर्नीमनला तासाला ५० डॉलर आहेत आणि तुम्ही ४५ टक्क्यांवर सुरू केलंत तर साडेबावीस डॉलर, आणि शेवटच्या वर्षात बहुतेक ठिकाणी ८० च्या आसपास टक्के. हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनचे पैसे याच्या वरून, पगारातून कापून नाही. घरच्यांना पटवायचं असेल तर हा भाग दाखवा, स्टुडंट लोन नाही हे ऐकल्यावर बऱ्याच आई-बाबांचा आवाज बदलतो.

आता आत शिरायचं. अट साधारण अशी: वय १८, हायस्कूल किंवा जीईडी (हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा), आणि अल्जेब्राचं एक वर्ष पास. मग अॅप्टिट्यूड टेस्ट, गणिताचे ३३ प्रश्न ४६ मिनिटांत आणि वाचून उत्तरं द्यायचे ३६ प्रश्न ५१ मिनिटांत, कॅल्क्युलेटर नाही. स्कोअर ९ पैकी, ४ मिळाले की इंटरव्ह्यूला बोलावतात. गणित अवघड नाहीये, फंक्शन्स, नंबर सिरीज, समीकरणं, पण शाळा सोडून काही वर्षं झाली असतील तर वेळ पुरत नाही, त्यामुळे घड्याळ लावून सराव करा. इंटरव्ह्यू कमिटीच घेते, म्हणजे पुन्हा तेच दोन्ही बाजूचे लोक, आणि ते विचारतात की थंडीत, उंचीवर, पहाटे उठून काम करणार का, टीममध्ये भांडण झालं तर काय करता, हाताने आजवर काय बनवलंय. इथे खरी उदाहरणं सांगा. घरचं बाथरूम वडिलांबरोबर दुरुस्त केलं असेल तर तेच सांगा, मोठमोठी वाक्यं नकोत.

मग रँक लिस्ट. आणि इथे बरेच जण कंटाळून सोडून देतात. जागा ठराविक असतात, कारण कमिटी तेवढीच माणसं घेते जेवढ्यांना काम देता येईल, आणि तुमच्या वरची सगळी नावं संपेपर्यंत फोन येत नाही. महिने जातात, काहींचं वर्षही जातं. मला हा उशीर त्रासदायक वाटला पण चुकीचा वाटला नाही, नुसत्या फीसाठी पोरं भरून घेणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. थांबायच्या काळात रिकामं बसू नका, काही लोकलमध्ये, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखांत, कन्स्ट्रक्शन वायरमन किंवा मटेरियल हँडलर म्हणून लावतात, तिथून साईट कळते आणि पुन्हा इंटरव्ह्यू दिलात तर बोलायला काहीतरी असतं. ओशा १० चा, म्हणजे १० तासांचा, सेफ्टी कोर्स करून ठेवा. आणि बिल्डिंग ट्रेड्सचा एमसी३ नावाचा तयारीचा कोर्स तुमच्या भागात असेल तर जरूर करा, त्यात सगळ्या ट्रेडची तोंडओळख होते.

कामाबद्दल. पहिलं वर्ष म्हणजे मटेरियल उचलणं, भिंतीत बॉक्स लावणं, वायर ओढणं, झाडू. मग कंड्युट, म्हणजे वायर ज्यातून जाते तो पाईप, वाकवायला मिळतं आणि तिथून मजा सुरू होते. अल्जेब्रा का मागतात ते तिथे कळतं: पाईप ४ इंच उचलून न्यायचाय, ३० डिग्रीचे दोन बेंड, म्हणजे दोन खुणांमधलं अंतर ४ गुणिले २, ८ इंच, आणि वाकवताना उचललेल्या प्रत्येक इंचामागे पाव इंच लांबी आत जाते तीही धरायची. अर्धा इंची पाईपचा ९० चा स्टब, म्हणजे काटकोनात वर वळवलेलं टोक, असेल तर हव्या उंचीतून ५ इंच वजा करून खूण. चांगला जर्नीमन हे उभ्या उभ्या सांगतो, आणि तुमचा पाईप सरळ रेषेत बसला की नुसती मान हलवतो, त्या मान हलवण्याचं मोल मला पगाराइतकंच वाटतं. वर्गात कोड, म्हणजे वायरिंगचे नियम, शिकवतात, नॅशनल इलेक्ट्रिकल कोड दर ३ वर्षांनी बदलतो, त्यामुळे जर्नीमन झालात तरी वाचन संपत नाही.

अर्धा स्टार कुठे गेला ते आता. एक, कॉन्ट्रॅक्टर कोणता मिळेल हे तुमच्या हातात नाही. माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने कित्येक महिने मला नुसतं ट्रकमधून सामान उतरवायला ठेवलं, शिकणं शून्य. प्रोग्राममध्ये कुठल्या प्रकारच्या कामाचे किती तास झाले याची नोंद दर महिन्याला द्यायची असते, ती नोंद मी ट्रेनिंग डायरेक्टरसमोर ठेवली आणि मला दुसरीकडे पाठवलं गेलं. पण हे मी बोललो म्हणून झालं, माझ्याबरोबरचा एक पोरगा गप्प राहिला आणि बराच काळ तिथेच अडकला. नोंदी दर महिन्याला स्वतः बघणारा कोणीतरी कमिटीत असायलाच हवा, एकोणीस वर्षांच्या पोराने तक्रार करायची वाट कशाला बघायची.

दोन, लेऑफ. प्रोजेक्ट संपला की माणसं कमी होतात, अप्रेंटिससुद्धा, मग पुढचं काम लागेपर्यंत घरी बसावं लागतं. युनियन तुमचं नाव पुढच्या कामासाठी धरून ठेवते हे खरंय, स्वतः दारोदार फिरावं लागत नाही, पण बाजार थंड असेल तर कमिटीसुद्धा काम पैदा करू शकत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षापासून दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि नवीन गाडीचा हप्ता लावून घेऊ नका, साईटवरचे जुने लोकही हेच ओरडून सांगतात.

वायरिंग नको असेल तर प्लंबर आणि पाईपफिटरांची यूए ही युनियन आहे, तीही ५ वर्षं. कारपेंटर बहुतेक ठिकाणी ४, आयर्नवर्कर (बिल्डिंगांचे लोखंडी सांगाडे उभारणारे) ३ ते ४ पण उंचीची भीती असेल तर विसरा. लिफ्ट बसवणाऱ्यांचा पगार जबरदस्त पण आत शिरणं तितकंच कठीण. सगळे प्रोग्राम अॅप्रेंटिसशिप डॉट गव्हवर शोधता येतात, आणि एकाच वेळी दोन ट्रेडमध्ये अर्ज करायला काही हरकत नाही.

मुलींनीही अर्ज करा. साईटवर बायका अजून खूप कमी आहेत आणि काही ठिकाणी वातावरण कडक असतं हे लपवणार नाही, पण रेट सगळ्यांना एकच असतो, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेला, तो मागायला कोणाशी घासाघीस करावी लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये नॉनट्रॅडिशनल एम्प्लॉयमेंट फॉर विमेन आणि शिकागोत शिकागो विमेन इन ट्रेड्स या संस्था बायकांची खास तयारी करून घेतात.

शेवटी कागदपत्रं, कारण सगळ्यात जास्त मेसेज यावरच येतात. हे काम आहे, त्यामुळे काम करायची परवानगी लागतेच. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर प्रश्न नाही. एच-४ वरच्या, म्हणजे आई किंवा बाबांच्या एच-१बी वर्क व्हिसासोबत आलेल्या, मुलांना मात्र त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणजे अप्रेंटिसशिपही नाही, मग टेस्टमध्ये कितीही स्कोअर येऊदे. अशा घरांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या आणि मगच पोराला टेस्टच्या तयारीला बसवा.