निंबल की अ‍ॅजाइल? इंग्रजीत ‘चपळ’ लिहिताना कोणता घ्यायचा

डिक्शनरीत एकाचा अर्थ बघायला गेलं की बहुतेक वेळा दुसराच लिहिलेला सापडतो, त्यामुळे तिथे काही निकाल लागत नाही. माझं रोजचं काम इंग्रजी लिहिण्याचं, बरीच वर्षं दोन्ही शब्द आलटूनपालटून वापरले, आता मात्र हात आपोआप निंबलकडे जातो.

अ‍ॅजाइल वाईट नाहीये हां. अख्खं अंग वळवायचं, पळता पळता दिशा बदलायची आणि तोलही जाऊ द्यायचा नाही, असं काही असेल तर तोच शोभतो, म्हणजे गोलकीपर, मांजर वगैरे. शिवाय अजिलिटी हे नाम एकदम सुटसुटीत, निंबलनेस बरोबर असला तरी जड वाटतो. कुत्र्यांची ती अडथळ्यांची स्पर्धा असते ना, १९७८ साली क्रफ्ट्सच्या डॉग शोमध्ये पहिल्यांदा दाखवली होती, तिचंही नाव अजिलिटीच.

माझं गाडं अडलं ते दुसरीकडेच. २००१ साली अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला 17 सॉफ्टवेअरवाले जमले, त्यांनी अ‍ॅजाइल मॅनिफेस्टो (म्हणजे थोडं थोडं करत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा जाहीरनामा) लिहिला आणि पुढे ऑफिसच्या जगाने हा शब्द जवळजवळ ताब्यातच घेतला. एका मुलीच्या शिफारसपत्रात मी तिला अ‍ॅजाइल म्हटलं, सांगायचं एवढंच होतं की काम अडलं की तिचं डोकं झटकन दुसरी वाट काढतं, तर मुलाखतीत तिला विचारलं, स्क्रमचा, म्हणजे त्याच पद्धतीतल्या टीमने काम करायच्या एका प्रकाराचा, अनुभव किती? ती अकाउंट्समधली, तिला प्रश्नच कळेना. तेव्हापासून माणसाबद्दल लिहिताना मला हा शब्द नकोसाच झालाय, कारण वाचणारा माणसाऐवजी पद्धतीचाच विचार करतो.

निंबलला हा त्रास नाही. जुन्या इंग्रजीत ‘निमन’ म्हणजे घेणं, त्यातून पटकन टिपणारा तो निंबल (आणि गंमत म्हणजे बधिर या अर्थाचा नंब पण त्याच धातूचा, संवेदना ‘घेतली गेलेली’). ते टिपणं अजून त्या शब्दात आहे असं मला वाटतं, म्हणून घट्ट बसलेली गाठ नखाने सैल करत करत सोडवणारी बोटं म्हटली की निंबल फिंगर्स इतकं नेमकं दुसरं काही सुचत नाही. तल्लख डोक्यालाही चालतो, पटकन निर्णय फिरवू शकणाऱ्या छोट्या कंपनीलाही. निंबलर, निंबली ही रूपंही सहज होतात, अ‍ॅजाइलली म्हणताना जीभ अडखळते.

वयस्कर माणूस वयाच्या मानाने चपळ असेल तर स्प्राय असा वेगळाच शब्द आहे, पण तो जपून वापरा, काहींना वयाचा उल्लेख आवडत नाही.

सॉफ्टवेअरचा रेझ्युमे असेल तर मात्र अ‍ॅजाइल लिहाच, तिथे लोक तोच शब्द शोधतात, आणि स्वभावाबद्दल काही सांगायचं असेल तर त्याच पानावर निंबललाही जागा आहे.