कडक गाडी आणि आदळणारी गाडी: अकरा महिन्यांनंतर

आधी कबुली देतो. स्पोर्ट्स कारच्या नादाला लागण्यापूर्वी माझ्याकडे सस्पेन्शनसाठी एकच शब्द होता, ‘कडक’. खड्ड्यात गचका बसला की गाडी कडक, वळणावर झुकली नाही तरी कडक, आणि दार लावल्यावर घट्ट धप्प वाजलं तरी कडकच. आता अकरा महिने पोर्शे ९११ करेरा (९९२ पिढीतली, साधी करेरा, ‘एस’ नव्हे) रोज वापरतोय. त्याआधी सात महिने एक ट्रॅकच्या ढंगाची गाडी सोसली. मधे दोन आठवडे मित्राशी अदलाबदल करून त्याची अल्पीन ए११० चालवली. एवढ्या बसण्याउठण्यातून कळलं ते असं, की गाडी कडक असणं आणि गाडीने आदळणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि गाडी बघताना आपण नेमक्या त्याच एकमेकींत मिसळतो.

ट्रॅकवाल्या गाडीचं नाव घेत नाही, कारण निवड माझी होती. टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर झाली. वीस मिनिटांत मी इतका खूश, की गोलंदाजाने पहिल्याच चेंडूवर विकेट घ्यावी तसा चेहरा. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी बायको शेजारी बसली. तिला फोनवर एक ओळ टाइप करता येईना. बोट ‘क’वर नेलं की पडत होतं भलतीकडेच. ती काही बोलली नाही, फोन पर्समध्ये ठेवला आणि दाराचं हँडल धरलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

माझ्या रोजच्या वाटेवर काँक्रीटच्या स्लॅबचा एक लांब पट्टा आहे. जोड साधारण पाच-पाच मीटरवर. ताशी ८० किलोमीटरने गेलं तर सेकंदाला बावीस मीटर, म्हणजे साडेचारच्या आसपास जोड. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त वैतागतं ते ४ ते ८ हर्ट्झच्या (सेकंदाला ४ ते ८ हादऱ्यांच्या) पट्ट्यात, त्यामुळे ८०चा वेग म्हणजे बरोबर त्याच्या उंबऱ्यावर. त्यात भर अशी, की या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आखूड असतो. ९११चा २,४५० मिलिमीटर, जवळपास स्लॅबच्या निम्मा. पुढचं चाक एका जोडावर आदळतं, आणि पुढचा जोड यायच्या बरोबर मधोमध मागचं चाक मागच्या जोडावर. साडेचारचे नऊ होतात. ट्रॅकवाल्या गाडीत त्या पट्ट्यावर गॉगल दाराच्या कप्प्यात सतत तडतडायचा आणि माझं बोलणं टेबल फॅनसमोर बसून बोलल्यासारखं तुटक यायचं. ६०ला आलं की सुसह्य. मी कितीतरी दिवस ‘आज गाडी बरी वाटतेय’ असं म्हणायचो, आणि खरं कारण पुढे ट्रक असणं हे होतं.

थोडं गणित, पण लगेच संपवतो. साध्या कुटुंबाच्या गाडीचं शरीर स्प्रिंगवर साधारण १ ते दीड हर्ट्झने डुलतं. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते दोनच्या आसपास, कधी थोड्या वर. हवेच्या दाबावर जमिनीला चिकटून धावणाऱ्या रेसिंग गाड्या तीन-चारच्याही पुढे. आकडे जवळजवळ दिसतात, पण फसवे आहेत: हर्ट्झ दुप्पट करायचे तर स्प्रिंग चौपट कडक लागते. १ हर्ट्झच्या गाडीत नुसत्या वजनाने सस्पेन्शन चाकापाशी २५ सेंटिमीटर दबतं, २ हर्ट्झला जेमतेम सहा. त्या सहा सेंटिमीटरच्या जगात तुम्ही रोज ऑफिसला जायचं.

आणि तरीही स्प्रिंग हा खरा गुन्हेगार नसतो. खरा प्रश्न डँपरचा, म्हणजे आपण ज्याला शॉकॲब्सॉर्बर म्हणतो त्याचा. वळणावर गाडी झुकते तेव्हा डँपरचा दांडा सावकाश हलतो. रस्त्यावरची धारदार कड लागली की तोच दांडा झपकन आत जातो. चांगला डँपर सावकाश हालचालीला ताठ उभा राहतो आणि झपाट्याच्या धक्क्याला वाट करून देतो. स्वस्तात ‘स्पोर्टी’ केलेला डँपर दोन्हीकडे ताठ. मग वळणावर तुम्ही कौतुक करता आणि रस्त्यातल्या मॅनहोलच्या झाकणाच्या कडेवर दात आपटतात. माझ्या आधीच्या गाडीत नेमकं हेच होतं.

आता करेरा. पहिले तीन महिने मी नाराज होतो, आणि ही नाराजी शंभर टक्के चुकीची निघाली. गाडी माझ्याकडे येण्याआधी एका वर्कशॉपमध्ये तपासून आली होती. तिथे टायरमध्ये हवा भरताना कुणीतरी हात सैल सोडला होता: दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा पुढे ६ आणि मागे ८ पीएसआय जास्त. पडद्यावर आकडे दिसत होते, पण हवा कमी असली तरच गाडी ओरडते, जास्त असली तर गप्प. म्हणून मीही गप्प. टायर ही सस्पेन्शनची पहिली स्प्रिंग, आणि तिच्यामागे डँपर नाही. ती ताठ झाली की बारीकसारीक सगळं थेट वर येतं. मी तीन महिने निर्मात्याच्या अभियंत्यांना मनातल्या मनात नावं ठेवत होतो आणि दोष एका हवेच्या नळीचा. सकाळी गाडी थंड असताना स्वतः हवा उतरवली, त्याच स्लॅबवर गेलो, परत फिरून पुन्हा गेलो. गॉगल गप्प होता.

सहाव्या महिन्यात दुसरा बदल केला. माझ्या गाडीवर पर्यायी मोठी चाकं होती, पुढे २० आणि मागे २१ इंची. ती काढून मूळची १९ आणि २० इंची बसवली. दिसायला गाडी किंचित साधी झाली, हे खरं; फोटोत मोठीच चाकं छान. पण हिशेब बघा (टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के): २४५/३५ टायरची भिंत पुढे ८६ मिलिमीटर उंच होती, २३५/४०ची ९४ झाली. मागे ३०५/३०ची ९१ ची २९५/३५मुळे १०३. पुढे आठ, मागे बारा मिलिमीटर रबर वाढलं. बारा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं, आणि फरक असा की आईने विचारलं, “रस्ता नवीन केला का रे?” स्टिअरिंगची पहिली प्रतिक्रिया केसभर मऊ झाली. मला जाणवते, पण रोजच्या वापरात तिची खंत नाही.

मोडबद्दल. पीएएसएमला, म्हणजे पोर्शेच्या मऊ-ताठ करता येणाऱ्या डँपरना, दोन स्थिती: नॉर्मल आणि स्पोर्ट. शहरात स्पोर्ट दाबायचं काहीच कारण नाही, कुणी कितीही छाती फुगवून सांगो. पण लांबलचक लाटांसारखा चढउतार असलेल्या हायवेवर स्पोर्टच जास्त आरामशीर वाटतं. नॉर्मलमध्ये गाडी प्रत्येक लाटेनंतर एक श्वास घेते. स्पोर्टमध्ये लाट संपली की हालचालही संपते. पोटाला हे बरं. इंजिन-गिअरचा मोड आणि डँपरचा मोड वेगळे लावता येणं ही म्हणूनच चैन नाही, गरज आहे. फेरारीने आपल्या गाड्यांत खास खराब रस्त्याचं बटण दिलंय: रेस मोडमध्ये राहूनही डँपर तेवढे मऊ. ज्याने ते सुचवलं त्याने स्लॅबचा रस्ता नक्कीच सोसला असणार.

अल्पीनने मात्र माझा सगळा हिशेब उलटा केला. २०१७ साली आलेली ही गाडी, वजन सुमारे ११०० किलो, ॲल्युमिनियमची बॉडी. हिच्यात पडद्यावरून बदलणारे डँपर नाहीतच. एकच सेटिंग, तेच सकाळ-संध्याकाळ. स्प्रिंगा मऊ, अँटीरोल बार (गाडी झुकू नये म्हणून डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) बारीक, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात), आणि प्रवास संपत आला की हायड्रॉलिक थांबे हळुवार अडवतात. वळणावर ती झुकते. सरळ झुकते, लपवत नाही. पहिल्या दिवशी मी घाबरलो, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की झुकण्यातूनच ती सांगतेय चाकांखाली किती पकड उरलीय. आणि रस्त्याच्या एकाच बाजूला खड्डा असेल तर डोकं डावी-उजवीकडे हेलकावत नाही, कारण बारीक बार एका चाकाचा दणका दुसऱ्याकडे फारसा पोचवत नाही. जाड बारच्या गाडीत हेच होतं: एक चाक खड्ड्यात आणि मान दोन्हीकडे. हलकेपणाला पर्याय नाही. वजन कमी, म्हणून स्प्रिंग मऊ ठेवूनही गाडी आवरते. तीच स्प्रिंग १७४० किलोच्या निस्सान जीटी-आरखाली घातली तर ती होडी होईल.

तरी दोन आठवड्यांनी मी माझी गाडी परत घेतली, आणि कारण सस्पेन्शन नव्हतं. सीट. अल्पीनची एकसंध पाठीची सीट जेमतेम १३ किलोची, कंबर छान धरते, पण पाठ मागे करता येत नाही. दोन तासांवर माझी पाठ बोलायला लागते. सीटचा फोमही एक सस्पेन्शनच असतो, हे गाडी बघायला जाताना कुणाच्या डोक्यात नसतं. कार्बनच्या पातळ बकेट सीटसाठी हट्ट धरणाऱ्यांनी आधी अर्धा तास बसून बघावं, गाडी न हलवता.

मॅक्लारेनबद्दल थोडक्यात, कारण ७२०एस फक्त एक दिवस हातात होती. १२सी २०११च्या सुमारास आली तेव्हा त्यांनी अँटीरोल बारच काढून टाकले आणि चारही डँपर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडले. वळणावर गाडी झुकायला लागली की तेल प्रतिकार करतं, आणि एकच चाक उचललं गेलं तर जाऊ देतं. ७२०एस त्याच घराण्यातली. कागदावर सातशेहून जास्त अश्वशक्ती, आणि त्या स्लॅबच्या पट्ट्यावर ती माझ्या करेराहून सौम्य. तिचा सांगाडा कार्बनचा, म्हणजे प्रचंड ताठ. इथेच तो ‘कडक’ शब्द सगळ्यांना गंडवतो. सांगाडा ताठ असला की तो स्वतः वाकत नाही, काम सगळं स्प्रिंग-डँपरकडे जातं आणि त्यांना मऊ ठेवता येतं. सांगाडाच लवचिक असला तर तो स्वतःच एक बिनडँपरची स्प्रिंग बनतो आणि डॅशबोर्ड कुरकुरतो. लोटस इलीसने १९९६ सालीच चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याने हे दाखवून दिलं होतं, तेही सातशे-सव्वासातशे किलोत.

गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी माझं म्हणणं एवढंच: शोरूममधून निघाल्यावर आधी हवा तपासा, मग तुमचा सर्वांत वाईट रस्ता तुमच्या रोजच्या वेगाने चालवा, आणि शेजारी कुणालातरी फोनवर टाइप करायला बसवा. तुम्ही स्टिअरिंग धरलेलं असतं, शरीर आधीच तयार असतं, म्हणून चालवणाऱ्याचं मत अर्धवट. शेजारच्याचं पूर्ण.

मागचे टायर आता संपत आलेत. पुढच्या महिन्यात नवीन बसवीन. प्रेशर गेज डिकीत ठेवलाय. हवा भरून झाली की त्या माणसासमोरच चारही चाकं मोजणार आहे, त्याला वाईट वाटलं तरी.