चोखणी नको म्हणणाऱ्या बाळासाठी विणलेला सुती रॅप

अंगावर पिणारं बाळ चोखणी जिभेने बाहेर ढकलत असेल तर तोंडात कोंबत बसू नका. आधी भूक पाहा: मूठ तोंडात घालणं, मान वळवून शोधणं ही सुरुवातीची खूण, रडणं शेवटची. पाजून, ढेकर काढूनही किरकिर राहिली तर साधारण ४.६ मीटरचा हा रॅप, म्हणजे बाळाला छातीशी बांधून घ्यायचं लांब कापड, खरंच उपयोगी पडतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या दमट हवेत ताणणारं होजिअरी कापड घेऊ नका. ते गरम होतं आणि बाळ जड झालं की खाली लोंबतं. मागावर विणलेलं, न ताणणारं सुती कापड पकड धरतं. नवं असताना मात्र कडक असतं, गाठ नीट बसत नाही. दोन-तीन धुण्यांनंतर मऊ पडतं. पावसाळ्यात एवढं लांब कापड लवकर वाळत नाही, म्हणून दोन हवेतच.

बाळाला फक्त पातळ झबलं घाला. कपाळाचा पापा सहज घेता येईल इतकं वर, गुडघे कुल्ल्यांपेक्षा उंच, पाठीला आधार. सैल बांधलं की बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. ही सर्वांत धोकादायक चूक! नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे. मग पडवीत संथ चाला. चुलीजवळ किंवा दुचाकीवर कधीच नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, किंवा ते पीतच नसेल, तर रॅप बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.