क्लासिक 350 ची साइडकार: आधी तिसरं चाक बघा, रंग नंतर

साइडकार, म्हणजे मोटरसायकलच्या बाजूला जोडायचा एका चाकाचा डबा, घ्यायला गेलं की आधी डब्याचा रंग, सीटचं कव्हर आणि पुढची काच दाखवतात. त्यात वाईट काही नाही. पण गाडी सरळ चालणार की तासाभरात खांदे भरून येणार, हे ठरतं तिसऱ्या चाकाच्या जागेवर, आणि ती जागा डब्याखाली असते. त्यामुळे इथे बाजारात मिळणाऱ्या किटांची आणि जोडणीची पारख फक्त त्या चाकावरून केली आहे. गाडी 2021 नंतरची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, साइडकार डाव्या बाजूला, तिची चासी गाडीला चार ठिकाणी पकडणारी.

साइडकारचा एक्सल गाडीच्या मागच्या एक्सलच्या रेषेत नसतो, थोडा पुढे असतो. याला लीड म्हणतात. गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतराच्या 10 ते 20 टक्के लीड चालतं. क्लासिकचं हे अंतर 1390 मिलिमीटर, म्हणजे लीड साधारण 140 ते 280. 200 च्या आसपास सुरुवात करावी.

लीड कमी पडलं तर त्रास उजव्या वळणावर होतो. तेव्हा सगळा भार डावीकडे जातो आणि पुढचं चाक व साइडकारचं चाक यांना जोडणारी रेषा ही उलटण्याची धार बनते. चाक मागे असेल तर ही धार वजनाच्या मध्याजवळ येते, मागचं चाक हलकं पडतं आणि साइडकारचं नाक रस्त्याकडे झुकतं. लीड फार वाढवलं तर हँडल जड होतं आणि प्रत्येक वळणाला साइडकारचा टायर आडवा घासत जातो.

म्हणून किटात पहिली गोष्ट बघायची ती एक्सलची बैठक. एक्सल वेल्ड करून कायमचा बसवलेला असेल तर ते किट घेऊ नका, किंमत कितीही कमी असली तरी. खाच किंवा सरकणारी बाही असलेलं किट घ्या, 40-50 मिलिमीटर पुढेमागे करता आलं तरी पुष्कळ झालं. क्लॅम्प दोन तुकड्यांचे, नळीवर पूर्ण गोलाई धरणारे हवेत. वाकवलेल्या पट्टीवर यू-बोल्ट आवळलेले क्लॅम्प नळीवर फिरतात, आणि क्लॅम्प फिरला की केलेलं सगळं माप वाया. वरचे दोन दांडे टर्नबकलचे असावेत, म्हणजे लांबी पान्याने बदलता येते. जुन्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) बुलेटच्या फ्रेममध्ये इंजिनखाली नळी नाही, पुढे एकच उतरती नळी आहे. तिथे खालचा पुढचा आधार त्या एका नळीवर टाकणारं किट नको, वेगळी सबफ्रेम, म्हणजे आधारासाठी जोडायची जादा चौकट, मागा.

आता जोडणी. यातच जास्त ठिकाणी कामचुकारपणा होतो. सीटवर कोणी बसलेलं नसताना घेतलेलं माप निरुपयोगी असतं, कारण चालवणारा बसला की स्प्रिंग दबतात आणि गाडीचा कल बदलतो. आधी तिन्ही टायरची हवा ठरवून भरा, सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवा, डब्यात 40 किलो टाका. जमीन लेव्हल बॉटलने तपासून घ्या. मग लीड, मग चासी जमिनीला समांतर, मग टो-इन, शेवटी कल. आणि कल दिल्यावर टो-इन पुन्हा मोजायचंच, एक हललं की दुसरं हलतं.

टो-इन म्हणजे साइडकारचं चाक पुढच्या बाजूला गाडीकडे किंचित वळवणं. अडीच मीटरच्या दोन सरळ अ‍ॅल्युमिनियम चौकोनी नळ्या घ्या, जमिनीपासून 10 सेंटिमीटर उंचीवर ठोकळ्यांवर ठेवा. एक साइडकारच्या टायरला टेकवा, दुसरी गाडीच्या टायरांना. इथे हमखास चूक होते. क्लासिकचा पुढचा टायर 100 चा, मागचा 120 चा. नळी दोन्ही टायरांना टेकवली तर ती तिरकी बसते आणि माप खोटं येतं. मागच्या टायरला टेकवून पुढच्या टायरपाशी 10 मिलिमीटरची फट ठेवायची. मग दोन नळ्यांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे मोजा. पुढचं माप 10 ते 20 मिलिमीटरने कमी हवं. हा फरक खालच्या आय-बोल्टने (टोकाला कडं असलेल्या बोल्टने) साधतो.

कल द्यायचा गाडीला, साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, 1 ते दीड अंश. हँडल जिथे फ्रेमला बसतं त्या हेडच्या मध्यावरून ओळंबा सोडा: 900 मिलिमीटर उंचीला 1 अंश म्हणजे 16 मिलिमीटर. हे काम वरच्या टर्नबकलचं. आपल्याकडे रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो, शिवाय साइडकारची ओढही डावीकडेच. उजवा कल या दोन्हींना तोलतो.

सपाट रस्त्यावर एकसारख्या 50 च्या वेगाला गाडी डावीकडे ओढत असेल तर कल वाढवा. टो-इन वाढवून ही ओढ मारणारे कारागीर बरेच आहेत. गाडी सरळ चालते खरी, पण साइडकारचा टायर त्याची किंमत मोजतो. थ्रॉटल दिल्यावर डावीकडे आणि ब्रेक दाबल्यावर उजवीकडे ओढणं मात्र नैसर्गिक आहे, ते काढायच्या मागे लागू नका. ब्रेकची ओढ फार वाटली तर साइडकारच्या चाकाला ब्रेक असलेलं किट हाच उपाय. आमच्या मते त्यासाठी जास्त पैसे द्यावेत.

कोणत्याही मापाने न सुटणारी एक गोष्ट: डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलते. आंबेनळीसारख्या घाटात डबा रिकामा नेऊ नका, 30-40 किलोची पोती चाकाजवळ बांधा.

मोटार वाहन कायदा 1988 मधल्या मोटरसायकलच्या व्याख्येत सुटी होणारी साइडकार धरलेली आहे, पण आरसीवरची नोंद आधी आरटीओत विचारूनच पैसे द्या.

जोडणीनंतर प्रत्येक क्लॅम्प आणि नळी यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा. 50 किलोमीटरनंतर बोल्ट आवळताना रेघ तुटलेली दिसली तर क्लॅम्प सरकला आहे, माप पहिल्यापासून घ्या. 300 किलोमीटरनंतर साइडकारच्या टायरवर तळहात आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. दोन्हीकडे सारखं लागलं तर टो-इन बरोबर. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं अडलं तर टायर आडवा घासला जातोय, नळ्या पुन्हा बाहेर काढा.