‘दोनदाच वापरलेला’ कॅलिब्रेटर

भाचीच्या लग्नाचे फोटो मी स्वतः काढले, स्वतःच एडिट केले. अल्बम छापून आला, पहिलं पान उघडलं आणि पोटात गोळा आला. सगळ्यांचे चेहरे हिरवट. नवरीचा गाल असा, की आठवडाभर अंथरुणाला खिळलेली वाटावी. मी लॅबवाल्यांशी भांडले. मग दुसऱ्या लॅबमधून एक प्रिंट काढून घेतली, तीही तशीच हिरवट. फाइलच हिरवट होती.

माझी फाइल चुकेल असं मला वाटलंच नव्हतं, कारण एडिटिंगला बसण्याआधी मी मॉनिटर रीतसर कॅलिब्रेट केला होता, म्हणजे त्याचे रंग यंत्राने मोजून बरोबर करून घेतले होते. गोम तिथेच होती.

ते यंत्र, म्हणजे कॅलिब्रेटर, मी ऑनलाइन सेकंडहँड घेतला होता. जाहिरातीत नव्या मॉडेलचं खोकं, खाली मजकूर: ‘दोनदाच वापरला, तेव्हापासून कपाटात आहे.’ विकणारा बोलायला अगदी सज्जन. सोबतच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा नंबर मागितला तर म्हणाला, “कंपनीचं सॉफ्टवेअर कशाला घेताय? डिस्प्लेकॅल वापरा, फुकट आहे आणि जास्त चांगलं आहे.” सल्ला खोटा नव्हता. डिस्प्लेकॅल आणि त्याच्या आत मोजमाप करणारं आर्गिल-सीएमएस दोन्ही उत्तम आहेत, मी आजही तेच वापरते. पण या खऱ्या सल्ल्याआड त्याने खोटा माल लपवला. खोकं नव्या मॉडेलचं, आतलं यंत्र मात्र मागच्या पिढीतलं. खोक्यावरचा सीरियल नंबर आणि यंत्राच्या पाठीवरचा नंबर वेगळे होते, हे मी फार उशिरा पाहिलं.

डिस्प्लेकॅलच्या यादीत जुन्या मॉडेलचं नाव आलं तेव्हा मी विकणाऱ्याला विचारलं होतं हो! “त्या सीरिजमधल्या सगळ्यांना तेच नाव दाखवतं,” असं उत्तर आलं आणि मी ते मानलं.

यंत्र जुनं असल्याने काय बिघडतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अशा कॅलिब्रेटरच्या (याला कलरिमीटर म्हणतात) आत सेन्सरवर रंगीत फिल्टर असतात आणि सगळं मोजमाप त्यांच्या भरवशावर चालतं. जुन्या पिढीतल्या बऱ्याच यंत्रांचे फिल्टर दमटपणाने, उष्णतेने आणि नुसत्या वयानेही हळूहळू विटतात. २०११ साली आलेल्या आय-वन डिस्प्ले प्रोसारख्या यंत्रांत काचेचे फिल्टर आहेत, ते कितीतरी जास्त टिकतात. म्हणून ‘दोनदाच वापरला’ या वाक्याला काही अर्थ नाही. कपाटात पडून राहिलं तरी फिल्टरचं वय वाढतंच.

माझ्या यंत्राचे फिल्टर विटले होते. त्याने मॉनिटरचा पांढरा रंग गुलाबीकडे ढकलला. मला प्रत्येक चेहरा जरा लालसर दिसायचा, आणि प्रत्येक फोटोत मी टिंटचा स्लायडर हिरव्याकडे सरकवायचे. दोनशेहून जास्त फोटो असे केले. चार-पाच दिवसांत डोळ्यांना त्या गुलाबी पांढऱ्याची सवय झाली आणि मनातली शंकाही गेली.

सगळ्यात जास्त दिशाभूल केली ती तपासणीच्या रिपोर्टने. कॅलिब्रेशन झाल्यावर सॉफ्टवेअर रंग पुन्हा मोजतं आणि फरक डेल्टा ई या आकड्यात सांगतं. १ च्या आत असेल तर तो डोळ्याला जवळजवळ कळत नाही. माझा सरासरी आकडा ०.६ आला आणि मी खूश झाले. पण मोजणारं यंत्र तेच! ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याचीच साक्ष काढल्यासारखं झालं. यंत्र दोन्ही वेळा सारखंच चुकतंय, एवढंच त्या रिपोर्टने सिद्ध केलं.

शेवटी एका मैत्रिणीने तिचा कॅलिब्रेटर आणला. मॉनिटर अर्धा तास तापू दिला, सेटिंगला हात लावला नाही आणि तोच पांढरा चौकोन दोन्ही यंत्रांनी मोजला. मॉनिटरसाठी प्रमाण मानलेल्या पांढऱ्याला डी-६५ म्हणतात; त्याची छटा सांगणारे दोन आकडे एक्स ०.३१२७, वाय ०.३२९० असे हवेत. माझ्या यंत्राने जवळपास तेच दाखवले. तिच्या यंत्राने वाय ०.३१८ दाखवला. म्हणजे पांढरा खरोखरच गुलाबीकडे झुकलेला, डेल्टा ई ७ च्या पुढे.

विकणाऱ्याला कळवलं. त्याने मेसेज वाचला आणि मला ब्लॉक केलं.

तुम्ही सेकंडहँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी यंत्राच्या पाठीवरचा सीरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकाच फोटोत मागा. यंत्र जोडून कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव दिसतंय असा व्हिडिओही मागा. काही यंत्रं मॉनिटर बनवणाऱ्या कंपन्यांसाठी म्हणून निघालेली असतात, ती नेहमीच्या सॉफ्टवेअरला ओळखीची नसतात. तीही या व्हिडिओत उघडी पडतात. टाळाटाळ झाली तर सौदा सोडा. आणि मी आधी करायला हवा होता तो विचार असा: घरच्या एडिटिंगला नव्यातलं स्वस्त मॉडेल घ्यावं. स्पायडर-५ या कॅलिब्रेटरच्या एक्सप्रेस, प्रो आणि एलिट या तिन्ही मॉडेलांत रंग मोजणारा सेन्सर एकच होता, फरक मुख्यतः सॉफ्टवेअरचा. सोबत फुकटचं डिस्प्लेकॅल चालत असेल तर महागड्या मॉडेलची गरज राहत नाही. फक्त आपलं यंत्र त्यात चालतं का, हे आधी पाहून घ्या.

ते यंत्र एकाने माझ्याकडे निम्म्या किमतीत मागितलं. मी दिलं नाही. पाठीवर मार्करने ‘खराब’ लिहून ठेवलंय. भाचीचे फोटो पुन्हा करतेय. निम्मे झाले, नवा अल्बम अजून छापायचाय.