'द गिव्हर' की 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' : आधी कुठलं वाचावं?

सगळं आलबेल असलेल्या समाजाची, पण वाचता वाचता अंगावर काटा आणणारी कादंबरी सुचवा म्हटलं की दोन नावं हमखास निघतात: लोइस लोरींची 'द गिव्हर' (१९९३) आणि आल्डस हक्सलींची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२). दोन्हींत उपासमार नाही, युद्ध नाही आणि कुणाला मोठीशी तक्रारही नाही. निवड करताना वाचकांच्या कौतुकाचा मात्र फार उपयोग होत नाही. 'विचार करायला लावणारं' हे दोन्हींबद्दल तितक्याच उत्साहाने म्हटलं जातं. त्यापेक्षा लोक कशावर वैतागतात ते पाहावं.

'द गिव्हर'मधल्या जोनासच्या समाजात मुलं बारा वर्षांची झाली की त्यांचं आयुष्यभराचं काम ज्येष्ठांचं मंडळ ठरवून देतं. जोनासच्या वाट्याला जुन्या जगाच्या आठवणी सांभाळायचं काम येतं. आजवर हे काम करत आलेला म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि आठवण त्याच्यात उतरते. ती कशी उतरते, याचं स्पष्टीकरण नाही. विज्ञानकथा मुरलेले वाचक इथेच कुरकुर सुरू करतात. कुरकुर रास्त आहे, पण बाकीच्यांना ती दहा पानांत आठवतही नाही. दुसरी तक्रार शेवटाची. तो मोकळा सोडलाय. कुणाला त्यात आशा दिसते, कुणाला नेमकं उलटं, आणि काहींना लेखिकेने हात झटकले असं वाटतं.

तिसरी तक्रार पालकांची. या पुस्तकाला १९९४मध्ये बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालं, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या शाळा-ग्रंथालयांतून काढून टाकायची मागणी वारंवार झालेल्या पुस्तकांतही ते होतं. कारणीभूत मुख्यतः एक प्रसंग, जोनासच्या वडिलांचा. तो सांगणार नाही. तुम्हालाही कुणी सांगू लागलं तर थांबवा. भाषा इतकी साधी आणि आवाज इतका शांत, की तो प्रसंग थेट आत घुसतो.

हक्सलींच्या पुस्तकाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'सुरुवातच संपत नाही'. खरंच, आपण लंडनमधल्या माणसं तयार करणाऱ्या केंद्रात जातो आणि संचालक व्याख्यान देत राहतात. एका अंड्यातून ९६पर्यंत जुळी, बाटलीत असतानाच ठरवलेली बुद्धी, झोपेत कानावर पडणारे धडे. तिसऱ्या प्रकरणात तर निरनिराळे संवाद एकमेकांत कापून घातलेत, आणि पुढे पुढे ते तुकडे एकेका ओळीचे होत जातात. बरेच जण पुस्तक इथेच मिटतात. कोण काय बोलतंय याचा हिशेब न ठेवता ते प्रकरण भराभर वाचून टाका. पुढे गाडी रुळावर येते.

'जीव लावावा असं एकही पात्र नाही', ही दुसरी तक्रार. त्या समाजात न रुळणारा बर्नार्ड नायक वाटू लागतो आणि थोडं यश मिळताच क्षुद्र निघतो. या समाजाबाहेरच्या आदिवासींच्या राखीव वस्तीवरून आणलेला जॉन येतो तेव्हा बरंच पुस्तक झालेलं असतं. केंद्रात काम करणाऱ्या लेनिनाला लेखकाने दिलेली वागणूक आणि न्यू मेक्सिकोतल्या आदिवासींचं चित्रण आजच्या वाचकाला खटकतं. हा उपहास आहे, असं म्हणून सगळंच माफ करता येत नाही. मोठा दोष तर हक्सलींनीच १९४६च्या प्रस्तावनेत कबूल केला: जॉनपुढे दोनच वाटा ठेवल्या, हे सुखी जग नाहीतर आदिवासी वस्ती; तिसरी असायला हवी होती.

एवढं असूनही मला हेच पुस्तक जास्त अस्वस्थ करतं. 'द गिव्हर'मध्ये आपण लवकरच जोनासच्या बाजूला जाऊन बसतो आणि उठत नाही. हक्सलींच्या सोळाव्या-सतराव्या प्रकरणांत या जगाच्या राज्यकर्त्यांपैकी एक, नियंत्रक मुस्तफा माँड जॉनशी वाद घालतो. कला, विज्ञान, देव हे सगळं सुखासाठी का सोडलं, ते तो समजुतीच्या सुरात सांगतो, आणि त्याच्या बोलण्याला नीट उत्तर देता येत नाही. 'मग यात वाईट काय आहे?' असं प्रामाणिकपणे विचारणारे वाचक इथे भेटतात. त्यांना पुस्तक कळलेलं नसतं असं नाही. सोमा या सरकारी सुखाच्या गोळीने ताण जातो, म्हातारपण जाणवत नाही, मरणाची भीती राहत नाही. नको म्हणायला कारण शोधावं लागतं.

तेव्हा, या प्रकारचं काहीच वाचलेलं नसेल, किंवा बारा-तेरा वर्षांच्या मुलासोबत वाचायचं असेल, तर 'द गिव्हर'. सुमारे दोनशे पानं, दोन संध्याकाळी पुरे. मोठ्यांनी मात्र आधी स्वतः वाचावं. वाचनगटासाठी शोधत असाल तर हक्सली, भांडण नक्की. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' वगैरे वाचून झालं असेल तरीही हक्सलीच. काचेच्या घरांत राहणाऱ्या समाजाची रशियन लेखक झाम्यातिनची 'वी' (म्हणजे 'आम्ही') ही कादंबरी या दोन्हींच्या आधीची, १९२०-२१मध्ये लिहिलेली आणि सोव्हिएत संघात १९८८मध्ये छापली गेलेली. पण तिची तुटक शैली पाहता तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

'द गिव्हर' निवडलंत तर २०१४चा सिनेमा आधी पाहू नका. पुस्तक जी गोष्ट कितीतरी पानं लपवून ठेवतं, ती सिनेमा सुरुवातीलाच पडद्यावर दाखवून मोकळा होतो. शेवट सहनच झाला नाही तर पुढचे भाग आहेत: 'गॅदरिंग ब्लू' (२०००), 'मेसेंजर' (२००४) आणि 'सन' (२०१२). पहिल्यात जोनास जवळपास नाहीच, थोडा धीर धरावा लागेल. ज्यांना तो अधांतरी शेवट आवडला, त्यांनी मात्र या तिन्हींच्या वाटेला जाऊ नये.