एल.एस. बेल्ट: घ्यावा का, आणि घट्ट किती बांधावा

दादर स्टेशनबाहेरच्या औषधाच्या दुकानात कमरेचा पट्टा मागितला की समोर येतो तो एल.एस. (लंबो-सॅक्रल, म्हणजे कंबर आणि माकडहाडाच्या वरच्या भागाचा) बेल्ट. रुंद इलॅस्टिक, पुढे वेलक्रो, पाठीकडे उभ्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी ओढून आणखी आवळायचे पंख. माप पॅन्टचं सांगू नका, बेंबीवरून टेप फिरवून घ्या. उंची बेताची असेल तर फार रुंद पट्टा बसल्यावर बरगडीत रुततो, तेव्हा दुकानातच खुर्चीवर बसून बघावं.

वस्तू ठीक आहे, बांधतात चुकीचं. करकचून आवळला की श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) खाली उतरायला जागा मिळत नाही, श्वास छातीत चढतो, खांदे वरखाली होतात. शिवाय पट्टाच धरून ठेवतोय म्हटल्यावर पोटाचे स्नायू कशाला राबतील? दिवसभर बांधून ठेवायची ही वस्तूच नव्हे. पट्ट्यामुळे धडधाकट कामगारांची पाठदुखी टळते याला पुरेसा पुरावा नाही, असं कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेने १९९४ सालीच सांगितलं होतं.

पट्ट्याचा खरा उपयोग पोट चहूबाजूंनी फुगवून घ्यायचा श्वास शिकायला. दोन बोटं आरामात आत जातील इतका सैल बांधा. उताणं झोपून गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. नाकाने ३-४ सेकंद श्वास घ्या. पट्टा पुढून ताणला जातो हे लगेच कळतं. बाजूंनी आणि पाठीकडूनही ताणला गेला पाहिजे, आणि घोडं तिथेच अडतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या मऊ जागेत अंगठे मागे, बोटं पुढे ठेवा. अंगठे बाहेर ढकलले गेले की जमलं. मग ओठांचा चंबू करून ५-६ सेकंद सोडा, बरगड्या खाली येऊ द्या.

आता कुणी पोटात बोट खुपसणार आहे अशा बेताने पोट चहूबाजूंनी घट्ट करा. पूर्ण ताकदीचा पाव भाग पुरे. तो ताण ठेवून १० सेकंद लहान लहान श्वास चालू ठेवा, असं ५-६ वेळा. बोलता येत नसेल तर ताण जास्त झाला. चेहरा लाल झाला तर श्वास कोंडलाय. रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बेंबी आत ओढू नका. कंबर जमिनीला दाबू नका, नितंबही आवळू नका.

झोपून जमलं की बसून, मग उभं राहून. घरगुती गॅसचं भरलेलं सिलिंडर ३० किलोच्या आसपास भरतं. ते हलवताना ताण आधी, हात नंतर. उचलताना दातांतून हळूहळू हवा सोडायची. लोकलमध्ये उभं असताना मात्र एवढ्या ताणाची गरज नाही, नाममात्र पुरे.

पाय लुळा पडतोय, जांघेत बधीरपणा आहे, लघवीवर ताबा राहत नाही, असं असेल तर पट्टा आणि श्वास दोन्ही बाजूला ठेवून थेट रुग्णालयाच्या तातडी विभागात जा.

मुंबईच्या दमट हवेत पट्टा उघड्या अंगावर नको, घामोळं येतं, बनियनवरून बांधा. वेलक्रोत धागे अडकले की पकड जाते, जुन्या टूथब्रशने काढा. पट्टा न बांधता अंगठ्यांखाली तसाच फुगवटा लागायला लागला की तो कपाटात गेला तरी चालेल.